लहानूनं केंद्र निजवलं

एका गावात एक भोळा गडी होता, लहानू नावाचा. भोळा म्हणजे किती? “जरा थांब, आलेच” म्हणून कुणी गेलं, तर हा संध्याकाळपर्यंत तिथंच उभा!

त्याची मावशी द्वारकाबाई गावचं दूधकेंद्र चालवायची. बहिणीचं एकुलतं एक पोर म्हणून तिनं लहानूला कामाला ठेवून घेतलं. सकाळचं दूध आटोपलं की दुपारी केंद्रातली यंत्रं बंद करायची. मावशी म्हणायची, “मी निजते तशी ही लेकरंही निजवायची.”

पहिल्या दिवशी ती म्हणाली, “लहानू, सगळं निजव आणि जेवायला ये.”

लहानूनं दारातूनच मेन स्विच खाली ओढला. कॉम्प्युटर तेव्हा सकाळच्या दुधाची नोंद करत होता. मावशीनं धावत येऊन स्विच वर केला, पण व्हायचं ते झालं! कुणी किती दूध घातलं, देवच जाणे. दूध घालणाऱ्या बायांत जी ती म्हणे, माझंच जास्त.

“अरे शहाण्या, तोंडात घास असताना पोराला कुणी निजवतं का? ज्याचं त्याचं काम पुरं होऊ द्यावं, मग बंद करावं!”

“असं होय! बरं मावशी.”

दुसऱ्या दिवशी पाण्याची मोटर चालू होती. टाकी भरली, वाहायला लागली. लहानू हाताची घडी घालून बसला. पाणी अंगणात आलं आणि मावशीच्या वाळत घातलेल्या कुरडया पोहायला लागल्या.

“मेल्या, मोटर का नाही बंद केलीस?”

“तिचं काम कुठं पुरं झालं होतं? पाणी येतच होतं की!”

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. “जे नुसतंच चालत राहतं, ते आधी बंद करायचं! वाट बघत बसायचं नाही!”

“बरं मावशी.”

तिसऱ्या दिवशी दूध गार ठेवणारा कूलर कोपऱ्यात घुंऽऽ करत होता. ना हलत होता, ना डुलत होता. हा नुसताच चालतोय, हे लहानूनं बरोबर ओळखलं आणि केला बंद. चैत्रातलं ऊन ते! दुपारी डेअरीचा टँकर आला तोवर दूध नासलं होतं. टँकर रिकामा गेला. डेअरीचे साहेब फोनवर कडाडले, “आणखी एकदा गाडी रिकामी परतली, तर तुमचं केंद्र बंद!”

मावशी रडकुंडीला आली. गावातल्या निम्म्या चुली त्या दुधावर पेटायच्या.

“लहान्या, सगळे निजले तरी एकानं जागं राहायचं असतं रे बाबा! तो राखण करतो, म्हणून बाकीच्यांचं निभतं.”

चौथ्या दिवशी ती साहेबांचे पाय धरायला तालुक्याला निघाली. जाताना विचारलं, “आज काय करशील?”

“कॉम्प्युटरचं काम पुरं होऊ देईन. मोटर बंद. कूलरला हात लावणार नाही. आणि मी जागा राहून राखण करीन.”

“शहाणं माझं बाळ ते!”

संध्याकाळी ती परतली. कॉम्प्युटरची नोंद पुरी होती. अंगण कोरडं होतं. कूलरला बाहेरून हात लावला, तर थंडगार! लहानू काठी घेऊन दारात टक्क जागा. मावशीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“जिंकलंस रे लेकरा! आजचा टँकर भरून पाठवते, असा साहेबांना शब्द देऊन आलेय. वेळेवर आला होता ना?”

“आला होता की! दारातच पों पों करत बसला. म्हटलं, हळू, सगळी निजलीत! ऐकेचना. मग काठी घेऊन वेशीपर्यंत हुसकावला. काळजी करू नकोस मावशी, एकाचीही झोप मोडू दिली नाही.”