ढबीचं स्वतंत्र घर

माणसानं बैलाच्या मानेवर जू ठेवायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. एका बैलाच्या मानेत पेशी एकमेकींचे हात धरून राहत. त्या धरलेल्या हातांनाच लोक कातडी म्हणत. रीत एकच होती: शेजारीण झडली, तरच एकीनं दोन व्हायचं.

ढबी नावाच्या पेशीला हे पटेना. ती उगाच दोनाची चार, चाराची आठ झाली.

"अगं, आम्ही चेंगरतोय. बैलाला जू सोसवेना," शेजारीण कळवळली.

"मेल्यांनो, माझी भरभराट बघून जळताय!"

ढबी नि तिच्यापासून झालेल्या लेकींची गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा गुरांच्या वैद्यानं ती कापून ताटलीत टाकली. मानेवर शेजारणींनी पुन्हा हात धरले.

ताटलीत सुकता सुकता ढबी लेकींना म्हणाली, "बघा गं, घेतलं की नाही शेवटी स्वतंत्र घर!"