इटपारच्या स्तूपाची वाकडी बाजू

इटपारच्या टेकडीवरचा स्तूप तीन बाजूंनी पाहिला तर माणूस गप्प होतो. विटांचे थर असे की दोरी लावून पाहावे. पण उत्तरेच्या अंगाला आले की पाहुणे हसतात. तिथे कमरेच्या वर एकही थर सरळ नाही. कुठे वीट आडवी, कुठे उभी, कुठे दोन विटांमध्ये तळहात जाईल एवढी फट. "गवंडी प्यायलेला होता का हो?" असे दर रविवारी कोणीतरी विचारतेच. नव्हता. आमच्या गावात सांगतात ते असे.

स्तूपाचे काम नंदक नावाच्या गवंड्याकडे होते. वय उतरणीला लागले होते, पण त्याच्यासारखा हात नदीच्या दोन्ही काठांवर नव्हता, म्हणे. वीट बसवली की तो ओळंबा सोडायचा आणि केसभर फरक दिसला तरी काढून पुन्हा बसवायचा. मरण्याआधी एक तरी काम असे व्हावे की त्यात कोणाला खोट काढता येऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती.

चूक झाली ती एकच. स्तूप पुरा होण्याआधीच एका थोर भिक्खूंच्या अस्थी आल्या. लहानशा मडक्यात घालून त्या स्तूपाच्या पोटातल्या कोनाड्यात ठेवल्या. उत्तरेची बाजू तेवढी उघडी होती, महिनाभराचे काम. पण अस्थी आल्याचे कळताच गावोगावची माणसे प्रदक्षिणेला येऊ लागली. वाट अरुंद, आणि नंदकची परांची नेमकी त्याच वाटेवर. स्तूपाची देखरेख करणाऱ्या भंतेंचा नियम होता, फिरणाऱ्याला कोणी अडवायचे नाही. माणसे आली की नंदकने खाली उतरायचे, परांची सोडायची आणि शेजारच्या पडवीत जाऊन बसायचे. जथा गेला की परांची बांधावी, चार विटा लावाव्या, तोवर दुसरा जथा हजर.

असे एक वर्ष गेले. पावसाळ्यात उघड्या बाजूवर घातलेली चटयांची झाकणे उडाली आणि मडक्याच्या गळ्यापर्यंत पाणी आले. पुढच्या पावसात ते आत शिरले असते, मूठभर अस्थी चिखलात मिसळल्या असत्या. मग स्तूप कसला, नुसता विटांचा ढीग.

वैशाख सरत आला तेव्हा नंदकने भंतेंना विनवले, चार दिवस वाट बंद करा. भंते म्हणाले, "आठ-आठ कोस चालत आलेल्यांना मी कोणत्या तोंडाने परत पाठवू?"

मग तो लोकांच्याच पाया पडू लागला. शेजारच्या गावची हालिका नावाची म्हातारी रोज यायची. तिला तो म्हणाला, "माय, एवढा एक थर होऊ दे. घटकाभर थांब."

"तुझा थर उद्या होईल, बापा. माझे गुडघे उद्या चालतील का?"

"अगं, पाऊस येतो आहे!"

"म्हणूनच तर घाई करते."

मागचे लोक हसले. नंदकचा तोल गेला. त्याने ढिगातली वीट उचलून तिच्या ओंजळीत आदळली. "फिरायचेच आहे ना? मग हे ओझे घेऊन फिर!"

 वीट छातीशी धरून हालिकाने फेरी पुरी केली. उघड्या बाजूशी आली, जागा दिसली तिथे वीट ठेवली आणि वर चिखलाचा गोळा थापला. मागच्या माणसाने ते पाहिले. त्यानेही ढिगातली एक वीट उचलली. मग त्याच्या मागच्याने.

नंदक धावला. "सुतात घ्या! अहो, सुतात घ्या!" सूत म्हणजे थर सरळ राखायची गवंड्याची दोरी, हेच कोणाला ठाऊक नव्हते. एका गुराख्याने विटेवर थाप मारली, म्हणाला, "बसली की!" नंदकने ती वीट उपसायला हात घातला, तर हालिकाने त्याचे मनगट धरले. "त्याची फेरी आहे तिच्यात. काढू नको."

बाजू उंच गेली तसे लोक एकमेकांच्या खांद्यावर चढले. अकराव्या दिवशी उघडी जागा उरली नाही. बाराव्या दिवशी पाऊस आला आणि आत एक थेंब गेला नाही. लोक नंदकला खांद्यावर घेऊन नाचले. त्याने मान वर केली नाही, म्हणे.

पुढे तो दर वैशाखी पौर्णिमेला यायचा. भंतेंनी त्याला एवढीच मुभा दिली की एक वीट काढावी, सगळ्यांसारखी हातात घेऊन फेरी घालावी आणि मग हवी तशी बसवावी. वर्षाला एक. वाकड्या विटा तर हजारोंनी.

आठ वर्षांत आठ झाल्या. नवव्या वर्षी त्याच्या हातांत जोर उरला नव्हता. वीट अर्धी बाहेर आली आणि पुढे सरकेना. दोघे-तिघे मदतीला धावले तर तो ओरडला, "हात लावू नका, वाकडी कराल!" दिवसभर ओढून शेवटी तो पडवीत जाऊन टेकला, तो उठलाच नाही. त्या पडवीचेच देऊळ झाले. आतली बुद्धमूर्ती फार नंतरची.

आजही इटपारला कोणी रिकाम्या हाताने फेरी घालत नाही. स्तूपावर आता विटा लावू देत नाहीत, म्हणून लोक एका ढिगातली उचलतात आणि फेरी झाली की दुसऱ्या ढिगात ठेवतात. उत्तरेच्या अंगाला आठ विटा ओळीने सुतात आहेत, त्या मी बोट ठेवून दाखवतो. नववी अजून अर्धी बाहेर आहे. पाहुण्यांचा हात हटकून तिच्याकडे जातो, आत ढकलावी म्हणून. मी म्हणतो, राहू द्या. तिची फेरी व्हायची आहे.