बुडालेल्या नावेची साक्ष

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात सिदू नावाचा नावाडी राहत होता. एके दिवशी भर नदीत त्याची नाव बुडाली. सिदू पोहून काठाला लागला, पण नावेतला विणकर वाहून गेला. आदल्याच आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. लोक म्हणाले, "यानंच नावेला आतून भोक पाडलं!"

सिदू न्यायाधीशांपुढे रडला. "महाराज, नाव खडकावर आपटली हो!" पण नाव नदीच्या तळाशी. दाखवणार काय? विणकराची बायको भागा हिनं भांडणाची साक्ष दिली. सिदूला जन्मभर गडावर दगड फोडायची शिक्षा झाली.

चार वर्षांनी दुष्काळ पडला, नदी आटली. पात्रात झरा खणायला गेलेल्या भागाला गाळात ती नाव दिसली. तिनं तळाच्या भोकावरून हात फिरवला. फळी बाहेरून आत फुटली होती, आणि फटीत काळ्या खडकाचा टवका अडकला होता.

भागाला वाटलं, गाळ पुन्हा नावेवर लोटून द्यावा, कुणाला कळणार आहे? ज्याला चार वर्षं शिव्याशाप दिले, त्याला तोंड कसं दाखवायचं? पण तो तिकडे अजून दगड फोडत होता. ती उठली आणि तडक न्यायाधीशांकडे गेली.

कारकून म्हणाला, "बाई, निकाल कधीच लागला. आता काही होत नाही."

न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. "तेव्हा ही नाव आपल्यासमोर नव्हती. आज आहे. खटला पुन्हा चालेल. निकाल माझा होता, तर चूकही मीच तपासली पाहिजे."

सुतारांनी फळ्या तपासल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: घाव खडकाचाच. सिदू निर्दोष ठरला. भरल्या सभेत न्यायाधीशांनी हात जोडून त्याची माफी मागितली.

भागा खाली मान घालून म्हणाली, "दादा, माझ्यामुळं तुमची चार वर्षं गेली."

सिदू म्हणाला, "गेली खरी. पण ताई, पुढची सगळी तुमच्यामुळंच मिळाली." आणि तो घराच्या वाटेला लागला. त्याची बायको आणि लेक वेशीपर्यंत धावत आल्या होत्या.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: सत्य उशिरा हाती आलं तरी ते लपवू नये, आणि ते समोर आल्यावर आपलाच निर्णय पुन्हा तपासायला लाजू नये.