शिदोरीपुरता विस्तव

एका राज्यात विस्तव कैदेत पडला होता. राजाला म्हातारपणी हुडहुडी भरली, ती काही केल्या जाईना. तेव्हा काळजंघ नावाच्या मांत्रिकाने राज्यातल्या चुलींचा सगळा विस्तव मंत्राने ओढला आणि एका रांजणात भरला. राजा त्या रांजणाला पाठ लावून बसला. तरी कुडकुडतच होता, ते सोडा. इकडे घरोघरच्या चुली थंड पडल्या आणि लोक भिजवलेले दाणे चावू लागले.

त्या राज्याच्या खिंडीत सटवाजी वाटमाऱ्या राहत असे. व्यापाऱ्यांचे तांडे अडवी, सोनेनाणे काढून घेई. व्यापारी त्याच्या नावाने बोटे मोडत, गुराखी त्याला दादा म्हणत. चोर तो चोरच, खोटे कशाला बोला? पण त्याच्या घराण्याचा एक नेम होता. वाटसरूच्या शिदोरीला आणि पायातल्या वहाणांना हात लावायचा नाही. लुटलेला माणूसही घरी पोचला पाहिजे, असे त्याचा बाप सांगत असे.

एके सकाळी एक साळुंकी त्याच्या खांद्यावर बसली आणि मनुष्यवाणीने बोलली, "सटवाजी, तुझी बहीण रंगू बाळंत झाली. शेगडीला विस्तव नाही. मूल गार पडत चालले आहे."

रंगूने बारा वर्षे भावाला उंबरा ओलांडू दिला नव्हता. त्याने धाडलेले लुटीचे लुगडे तिने आल्या पावली परत केले होते. पण रक्त ते रक्त. सटवाजीने घोंगडी उचलली.

"वाट दाखव," तो म्हणाला.

"वाटेवर तीन पहारे आहेत. तिसऱ्यापाशी सात चोरांचे दगड झाले."

"मग आठवा माझा होईल. चल."

पहिला पहारा चकव्याचा. वाट फिरून फिरून जागच्या जागी येई. सटवाजीने वहाणा उलट्या घातल्या. मागावरच्या शिपायांना फसवायची ही त्याची जुनीच युक्ती. चकवा फसला आणि वाट सरळ झाली.

दुसरा पहारा लोखंडी वाघाचा. खोटे बोलणाऱ्याला तो गिळी.

"कोण तू?"

"वाटमाऱ्या. चोरी करायला आलो आहे."

इतके खरे वाघाने जन्मात ऐकले नव्हते. तो मुकाट्याने बाजूला झाला.

तिसरा पहारा रांजणाचा. भोवती सात दगड उभे होते आणि काळजंघ हसत होता. सटवाजीने घोंगडी पसरली आणि ओंजळी भरभरून निखारे तीत ओतले. मंत्राने बांधलेला विस्तव तो, हात पोळले नाहीत की घोंगडी जळाली नाही. तळाशी एक निखारा उरला, तेव्हा त्याने घोंगडीची गाठ मारली.

"तोही ने ना," मांत्रिक गोड आवाजात म्हणाला.

"नाही. तो राजाच्या शिदोरीचा."

राजाने मान वर केली. "अरे, मी तर तुझा वैरी."

"असाल, महाराज. पण भूक तुम्हालाही लागतेच ना?"

आणि शाप तिथेच तुटला. रांजण रिता करील त्याचा दगड व्हावा, असा तो शाप होता, आणि आधीच्या सातांनी तळ खरवडला होता. सातही दगड आळस देत उठले. काळजंघाची राख झाली, ती पुढे बायांनी भांडी घासायला नेली. राजाने त्या एका निखाऱ्यावर भाकरी भाजून खाल्ली आणि त्याची हुडहुडी गेली. शहाणा झाला बिचारा, उशिरा का होईना.

सटवाजी धावतच रंगूच्या दारी आला आणि सवयीने बाहेरच थांबला.

"रंगू, विस्तव आणलाय. उंबऱ्यावर ठेवतो."

आतून क्षीण आवाज आला, "कुणाचा?"

"आपल्याच चुलींचा."

"आणि राजाला काय ठेवलंस?"

"शिदोरीपुरता."

रंगू म्हणाली, "दादा, शेगडी इथं आत आहे. उंबऱ्यावरून कशी पेटेल?"

कुणापुढे मान न लववलेला तो वाटमाऱ्या त्या बुटक्या दारातून वाकून आत गेला. शेगडी पेटली, मूल रडले, आणि त्याचा आवाज ऐकून शेजारणी आपापली खापरे घेऊन विस्तव मागायला आल्या. त्यांची चूल पेटली, तशी ऐकणाऱ्यांची पेटती राहो.