घटका बुडेपर्यंत

फार फार वर्षांपूर्वी, वेळ जेव्हा राजाच्या मालकीची होती आणि प्रजेला ती टोले देऊन वाटली जात असे, तेव्हाची ही गोष्ट.

एका नगराच्या वेशीवर एक चौथरा होता. चौथऱ्यावर पाण्याने भरलेले मोठे घंगाळ आणि त्या पाण्यावर तरंगणारी तांब्याची एक वाटी. वाटीच्या तळाला सुईने पाडावे एवढे भोक होते. त्यातून पाणी आत शिरे, वाटी हळूहळू भरे आणि बुडे. वाटी बुडाली की एक घटका झाली. मग चौथऱ्यावरच्या माणसाने शेजारच्या काशाच्या थाळीवर टोला द्यायचा आणि वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायची. काम इतके सोपे होते, की त्यासाठी राज्याने एक संपूर्ण घराणे नेमले होते.

त्या घराण्यातला रखमाजी तेव्हा चौथऱ्यावर बसत असे. माणूस स्वभावाने गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चौथऱ्यामागच्या पिंपळाखाली तिघा मित्रांची बैठक भरे आणि गांजाची चिलीम फिरे, तिथे तोही जाऊन बसे. सुरुवातीला तो फक्त सणासुदीला ओढी. पुढे, रोजचा दिवस हा कसला ना कसला सण असतोच, असा शोध त्याला लागला. मग सकाळी डोळे उघडायला एक चिलीम लागू लागली, जेवण जायला एक, झोप यायला एक. आणि या तिघींमध्ये फार अंतर पडू नये म्हणून मध्ये आणखी काही.

त्याचा परिणाम वेळेवर झाला. वाटी बुडाली तरी रखमाजी तिच्याकडे बघत बसे. "वाटी खाली गेली, की पाणी वर आलं?" असा प्रश्न त्याला पडे. प्रश्न चांगला असल्यामुळे उत्तराची त्याला घाई नसे.

त्याची बायको सगुणा हे जाणून होती. नवऱ्याचे काम जाऊ नये म्हणून ती स्वयंपाक करता करता मधूनच चौथऱ्यावर येई आणि टोला देऊन जाई. डाळ शिजली की एक घटका, असा तिचा हिशेब होता. डाळ जुनी असली की त्या दिवशी साऱ्या राज्याची घटका लांबे. शेजारी म्हणत, "जाऊ द्या, सांभाळून घेऊ." मित्र म्हणत, "गांजा म्हणजे काय दारू आहे? साधा पाला तर आहे." अशा रीतीने सगळे गाव रखमाजीला सांभाळत होते, आणि रखमाजी चिलीम सांभाळत होता.

सूर्य डोक्यावरून कलला तरी मध्यान्हीचे टोले पडेनात. दिवसाचे टोले संपायच्या आत सूर्य मावळू लागला. राजसभेने विषय गांभीर्याने घेतला. टोले सरकारी होते, सूर्य नव्हता. तेव्हा चूक कोणाची हे उघड होते. अलीकडे सूर्य उतावळा झाला आहे, असा ठराव झाला. सूर्याला बोलावणे पाठवणे अवघड, म्हणून पहिल्या टोल्याच्या कितीतरी आधी आरवतो या आरोपाखाली कोंबड्याला बोलावण्यात आले.

कोंबडा म्हणाला, "महाराज, मी सूर्याकडे बघून आरवतो. सूर्याच्या वर कोणी अधिकारी आहे, हे मला आजवर कुणी कळवलं नव्हतं."

कोंबड्याला समज देऊन सोडण्यात आले. रखमाजीकडे बोट मात्र कुणी दाखवले नाही.

असेच चालले असते. पण रखमाजीला एक मुलगी होती, मैना. तिचे लग्न शेजारच्या गावच्या जोशीबुवांच्या मुलाशी ठरले. जोशीबुवा मुहूर्तावर जगणारे गृहस्थ. त्यांनी स्पष्ट सांगितले, "हुंडा नको, मानपान नको. मुहूर्त मात्र एवढासाही चुकला, तर वरात आल्या वाटेने परत जाईल."

आणि रखमाजीच्या घराण्याची एक रीत होती. घरच्या मुलीच्या लग्नात सूर्योदयाला बापाने स्वतःच्या हाताने वाटी पाण्यावर सोडायची, मुहूर्ताची घटका भरेपर्यंत डोळ्यांत तेल घालून राखायची आणि शेवटची वाटी बुडताच टोला द्यायचा. त्या टोल्यावर अंतरपाट खाली येई. दुसऱ्या कुणाचा हात वाटीला लागला, तर लग्न लागलेच नाही असे धरत.

सगुणा म्हणाली, "अहो, आजवर झाकलं. त्या दिवशी माझी डाळ कामाला यायची नाही."

"त्यात काय!" रखमाजी म्हणाला. "मी मनात आणलं तर आज सोडीन. आजवर किती वेळा सोडलीय!"

मैना दारात उभी होती. ती म्हणाली, "आबा, माझ्या लग्नात तुम्ही असाल का?"

"अगं, म्हणजे काय? असणारच."

"बसलेले असाल, ते ठाऊक आहे. असाल का, ते विचारतेय."

रखमाजी उठला आणि सवयीप्रमाणे पिंपळाकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याला आपण कुठे निघालो आहोत हे कळले, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला भीती वाटली.

मग उपाय सुरू झाले. त्याने कुलदेवतेची शपथ घेतली. ती मोडल्यावर ग्रामदेवतेची घेतली. ओळखीचे देव संपत आले. मावशीने मंतरलेला ताईत बांधला. ताईताची पेटी गांजा ठेवायला अगदी मापाची निघाली. सगुणाने त्याला धान्याच्या कोठीत कोंडले. त्याने झरोक्यातून पहिलवानाशी बोलणी केली. हा पहिलवान म्हणजे पिंपळाखालच्या तिघांतला म्होरक्या. कधीकाळी कुस्ती खेळत असे, आता फक्त पुढच्या कुस्तीबद्दल बोलत असे.

शेवटी मैना त्याला वैद्याकडे घेऊन गेली. वैद्य म्हातारा होता. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मग औषधाच्या पेटीवर कोपर टेकून गप्पा मारू लागला.

"पूर्वी जेवढी पुरायची तेवढी आता पुरते का रे?"

"हल्लीचा माल हलका येतो, वैद्यबुवा."

"बरं. सोडली की काय होतं?"

"मला काही होत नाही. पण घरचे सगळे चिडखोर होतात."

"सगळे एकदम?"

"मीच होत असेन," रखमाजी म्हणाला. "झोपही येत नाही. अन्न मातीसारखं लागतं."

"आणि चिलमीपायी काय काय सुटलं?"

"काही नाही."

"पखवाज वाजवायचे," मैना म्हणाली. "मला घेऊन नदीवर जायचे. तेही सुटलं."

वैद्याने पेटीवरचा कोपर काढला. मग म्हणाला, "हा आजार आहे, रखमाजी. पाप असतं तर भटजींकडे पाठवलं असतं, गुन्हा असता तर कोतवालाकडे. आजार आहे म्हणून माझ्याकडे ये. पण ही तलफ मारणारी पुडी माझ्या पेटीत नाही, आणि कुणी आहे म्हणाला तर त्याच्या पेटीतही नाही. सोडलीस की सुरुवातीला झोप उडेल, घाम फुटेल, चित्रविचित्र स्वप्नं पडतील, माणसांवर खेकसशील. ते चढेल आणि हळूहळू उतरेल. उतरतं, हे ध्यानात ठेव. झोप फारच उडाली किंवा मन काळवंडलं, तर एकट्याने सोसत बसू नको, इकडे ये."

"आणि तलफ आली तर?"

"तुझ्याकडे वाटी आहे ना? तलफ आली की वाटी पाण्यावर सोड. तिच्याशी भांडू नको, शपथा घालू नको. वाटी बुडेपर्यंत नुसता बघ."

"बुडल्यावर?"

"बुडल्यावर मला येऊन सांग, तलफ कुठवर आली होती ते."

मग वैद्याने सगुणाला बोलावून घेतले. "बाई, आजपासून डाळ फक्त चुलीवर शिजवायची. टोला चुकला तर चुकू दे. त्याची चूक त्याला दिसू दे. आणि संध्याकाळी पिंपळाची वेळ झाली की त्याच्या हातात पखवाज द्या. हात रिकामे राहिले की चिलीम शोधतात."

पहिले काही दिवस घराला सुखाचे गेले नाहीत. रखमाजी मांजरावर ओरडला, भाताच्या शितावर ओरडला, एकदा घंगाळावर ओरडला. सूर्य त्याला टोले देत आहे आणि कोंबडा मोजत आहे, अशी स्वप्ने त्याला पडली. पण तलफ आली की तो वाटी सोडी आणि बघत बसे. आणि त्याला एक चमत्कार दिसला. तलफ येताना हत्तीसारखी येई, आता ही जन्मभर इथेच राहणार असे वाटे. पण वाटी जडावत जाई तशी तीही मंदावे. वाटी बुडे, तेव्हा हत्तीचा बकरा झालेला असे.

त्याच्या वाटीबरोबर टोलेही वेळेवर पडू लागले, आणि नगरात हाहाकार माजला. लोकांची दुपारची झोप आखूड झाली. सावकाश चालायची सवय असलेली माणसे धापा टाकू लागली. घरोघरी भांडणे, डोकेदुखी, अन्नावर वासना नाही. शेवटी मुख्य कारकून काही वजनदार मंडळींना घेऊन चौथऱ्यावर आला.

"रखमाजी," तो हळूच म्हणाला, "अगदी पूर्वीइतकी नको. पण लोकहितासाठी थोडी थोडी ओढत गेलास तर?"

रखमाजीने त्याला वैद्याचे घर दाखवले.

तरी माणूस तो माणूस. लग्न तोंडावर आले, धावपळ वाढली, आणि एका संध्याकाळी पहिलवान म्हणाला, "गड्या, ओढू नको. नुसता वास घे." रखमाजीने नुसता वास घेतला. वास संपला तेव्हा चिलीमही संपली होती. दुसऱ्या दिवशी तो पांघरुणातून तोंड बाहेर काढीना. मैनाने पांघरूण ओढले आणि त्याला वैद्यापुढे उभे केले.

"सगळं वाया गेलं, वैद्यबुवा."

"वाटीच्या भोकात गाळ अडकला, तर तू काय करतोस? वाटी नदीत फेकतोस?"

"नाही. काडीने भोक मोकळं करतो आणि पुन्हा सोडतो."

"मग इथे आलास कशाला? जा, सोड. आणि लग्न होईपर्यंत पिंपळावरून न जाता मागच्या गल्लीने जा. तिथे चिखल आहे, पण चिखलाला वास नाही."

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव चौथऱ्यासमोरच घातला होता. सूर्याची कोर दिसताच रखमाजीने आंघोळ केलेल्या हातांनी वाटी पाण्यावर सोडली. एक वाटी बुडाली, दुसरी बुडाली. मंगलाष्टके सुरू झाली आणि शेवटची वाटी पाण्यावर आली. जोशीबुवा घंगाळाशी अशा नजरेने उभे होते, की जणू पाणीच त्यांच्या भाकिताला भिऊन आत शिरत असावे.

तेवढ्यात पहिलवान मागून आला आणि रखमाजीच्या कानाशी वाकला. "लेकीचं लग्न एकदाच होतं, गड्या. बोहल्यामागे भरून ठेवलीय. एक झुरका मार आणि लगेच ये."

तलफ आली. कोठीत, गल्लीत, पांघरुणात आली होती त्या सगळ्यांहून मोठी आली. रखमाजीने घंगाळाचा काठ धरला. अंतरपाटाच्या बाजूने मैना मान वळवून त्याच्याकडे बघत होती. नवरीने त्या वेळी बोलायचे नसते.

"पहिलवान," रखमाजी म्हणाला, "खाली बस. एवढी वाटी बुडू दे. मग बघू."

पहिलवान बसला. दोघे वाटीकडे बघू लागले. वाटी एका बाजूला किंचित कलली. तिच्या काठाशी पाणी आले, थरथरले, क्षणभर थांबले आणि आत शिरले. वाटी बुडाली. रखमाजीने टोला दिला. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि जोशीबुवांच्या चेहऱ्यावर हसू आले. त्यांच्या घरच्यांना ते ओळखूच आले नाही.

"चल आता," पहिलवान म्हणाला.

रखमाजीने जरा मनात डोकावून पाहिले. "गेली," तो म्हणाला.

"कोण गेली?"

"तलफ. येईल परत. वाटी इथंच आहे."

लग्न मुहूर्तावर लागले म्हणून अर्ध्या नगराला ते सापडलेच नाही. जुन्या टोल्यांची सवय सोडायला मंडळी तयार नव्हती. ती आली तेव्हा पंगती बसल्या होत्या. आजही लोक लग्नाला थेट जेवायलाच जातात, ती प्रथा तिथूनच निघाली म्हणतात. कोंबड्याला दिलेली समज सभेने मागे घेतली, पण तसे त्याला कळवायचे राहून गेले. रखमाजी मरेपर्यंत चौथऱ्यावर बसला. मधूनमधून त्याच्याही वाटीच्या भोकात गाळ अडके. तेव्हा तो काडी शोधी आणि वैद्याकडे जाई. मैना माहेरी आली की बापलेक नदीवर जात.

आणि लग्नानंतर काही दिवसांनी, चौथऱ्यावर दुसरे कुणी नाही असे पाहून पहिलवान आला. बराच वेळ उगाच पायऱ्या झाडत राहिला. मग म्हणाला, "रखमाजी, ती वाटी... मलाही एकदा बघत बसू दे."

रखमाजी सरकला आणि त्याने शेजारी जागा करून दिली.

बोध: तलफ कितीही मोठी दिसली तरी तिच्या तळाला भोक असते, ती बुडेपर्यंत थांबावे, एकट्याने थांबू नये, आणि थांबणाऱ्याची चूक झाकण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसावे.