कोंबडा आणि कायदा

तीन डोंगरी राज्यांच्या सीमा जिथे मिळतात, त्या रानात मारक्या नावाच्या बंडखोराने उच्छाद मांडला होता. बंदुका घेऊन गावं लुटायची, पोरं पळवायची, आणि एका राज्याचं सैन्य मागे लागलं की टुणकन दुसऱ्या राज्यात.

साता समुद्रापलीकडच्या बादशहाला दया आली. त्याने मदतीचा कायदा केला आणि एलची धाडला. तिन्ही राजांसमोर एलचीने मिशीला पीळ देत कायदा वाचला, "प्रत्येक राज्याला घोडे आणि दारूगोळा मिळेल. अट एकच. कोणाच्याही सैन्याने आपली सीमा ओलांडायची नाही."

अटीतली खोट तिन्ही राजांना लगेच दिसली. मदत देणाऱ्याला चूक दाखवणार कोण?

सगळ्यात धाकट्या राज्याची दिवाण सगुणाबाई उठली. "कायदा झकास आहे. आता जेवूनच जा. कोंबडा मात्र पाहुण्यांच्या शिपायांनी धरायचा, अशी इथली रीत आहे."

तिने रांगोळीने अंगणाचे तीन भाग केले, प्रत्येकात एलचीचा एकेक शिपाई उभा केला आणि म्हणाली, "अट एकच. रेषा ओलांडायची नाही."

कोंबडा सुटला. शिपाई झेपावला की तो शेजारच्या भागात. शिपायांची पागोटी सुटली, दम लागला. कोंबडा मधोमध उभा राहून खुशाल आरवला.

एलचीच्या पोटात कावळे ओरडत होते. शेवटी तो खेकसला, "अरे गाढवांनो, रेषा कसल्या बघताय? तिघं मिळून धरा त्याला."

सगुणाबाईने दौत-टाक त्याच्यापुढे सरकवला.

"एलचीसाहेब, कायद्यात एवढंच वाक्य राहिलंय. तेवढं लिहून टाका, तोवर कोंबडा शिजतो."