पांगुळगाड्याची मूठ

“गुरुजी, या तिन्हींतलं कोणतं घेऊ?”

मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. पडद्यावर तीन स्पिंडल सँडर, लाकूड घासायची मशीनं. तिन्ही स्वस्तातले, तिन्हींखाली लोकांची भांडणं. त्याच मशीनला कुणी सोनं म्हणत होतं, कुणी भंगार. लेकीला, जुईला भरवता भरवता मी ते सगळं वाचून काढलं होतं आणि वाचण्याआधी जेवढं कळत होतं तेवढंही आता कळेनासं झालं होतं.

पीरजादे गुरुजींनी पडद्याकडं पाहिलं नाही.

“घासायचं काय आहे?”

गुरुजींनी गडहिंग्लजच्या शाळेत उभी हयात सुतारकाम शिकवलं. आता निवृत्त आहेत. रविवारी आमच्यासारख्या हौशी माणसांना घरामागच्या शेडमध्ये काम करू देतात. शिकवतात असं म्हणवत नाही. आम्ही करतो, ते बघतात.

मी पिशवीतून मूठ काढली.

“पांगुळगाड्याची आहे. माझ्या मुलीसाठी.”

“चालत नाही अजून?”

एवढंच विचारलं. आवाजात कीव नव्हती, टोमणाही नव्हता. तरी माझ्या तोंडून भराभर सगळं बाहेर पडलं. दीड वर्षाची होत आली. बसल्या बसल्या सरकते, उभी राहत नाही. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे, चालेल. सासूबाई म्हणतात, शेजारचा तिच्याएवढा जिना चढतो. आणि बाजारातले गाडे सगळे प्लॅस्टिकचे, त्यांच्या कडा इतक्या...

“पोरी,” गुरुजी म्हणाले, “मी मुठीचं विचारलं.”

मी मूठ त्यांच्या हातात दिली.

सागवानाची फळी. दोन इवले तळहात बसावेत म्हणून आतल्या बाजूला दोन बाक मी जिगसॉच्या करवतीनं कापले होते. बाहेरची कड रंध्यानं नीट झाली होती. बाकांत मात्र करवतीचे दात जसेच्या तसे उमटले होते. तिथं रंधा पोचत नाही. म्हणून तर मशीनचा हा सगळा घोर.

गुरुजींनी बाकातून अंगठा फिरवला. एकदाच. सावकाश. मग कोपऱ्यात जाऊन एका मशीनवरचं फडकं काढलं.

बसकं लोखंडी टेबल, मधोमध भोक, भोकातून वर आलेला उभा रूळ. रुळावर पॉलिश पेपरची नळी चढवलेली. बाजूचा रंग उडालेला.

“हे कोणतं, गुरुजी?”

“स्वस्तातलं.”

मला जरा हायसं वाटलं. जरा वाईटही वाटलं. गुरूकडं काहीतरी भारी असावं असं आपल्याला का वाटतं, कोण जाणे.

“मग घेताना बघायचं काय?”

त्यांनी पोलादी पट्टी टेबलावर उभी ठेवली आणि वाकले. मीही वाकले. पट्टीच्या खालून उजेड येत नव्हता.

“असं. टेबल सरळ पाहिजे.”

मग मशीनची पिन काढून ठेवली आणि रूळ हातानं फिरवला. रूळ फिरला... आणि फिरता फिरता वर आला. फिरता फिरता खाली गेला. झोपलेल्या बाळाचं पोट हलावं तसा.

“नुसतं गोल फिरणारं घेऊ नको,” गुरुजी म्हणाले. “एकाच जागी घासत राहतं. लाकूड जळतं.”

“आणखी?”

“धूळ ओढायचा पाइप बसतो का बघ. आणि या पेपरच्या नळ्या तुझ्या गावात मिळतात का विचार. मशीन एकदा घेशील. नळ्या सारख्या लागतील.”

“आणि कंपनी?”

गुरुजींनी पट्टी पुसून बाजूला ठेवली.

मी मोबाइल पिशवीत टाकला.

“लाव,” ते म्हणाले. “यावरच करून बघ आज.”

जुई बाहेर ओसरीवर चाचींजवळ होती. गुरुजींच्या पत्नीला आम्ही सगळे चाची म्हणतो. शेडचं दार बंद होतं. तरी मी ते उघडून एकदा डोकावले. जुई वाटीवर चमचा आपटत होती. मी दार लावलं. मग परत उघडलं.

“वाटी तिथंच आहे,” गुरुजी म्हणाले.

मी दार लावून घेतलं. डोळ्यांना चष्मा लावला, तोंडाला मास्क.

“बाकात मावेल तो सगळ्यांत जाड रूळ घे. बारकानं खळगे पडतात.”

मी जाड रूळ चढवला, पिन परत लावली. बटण दाबलं.

“रूळ फिरतो त्याच्या समोरून ये. दाबू नको. थांबू नको.”

मूठ रुळाला लागली आणि माझ्या मनगटात बारीक थरथर आली. करवतीचे दात विरघळायला लागले. खरंच विरघळले. त्यांच्याखालून सागाच्या रेषा वर आल्या, मधाच्या रंगाच्या, एकीमागून एक, बाकाबरोबर वळत गेलेल्या. त्या आधीपासून तिथंच होत्या. हे झाड कुठं वाढलं, कुठल्या वर्षी त्याला पाणी कमी पडलं, सगळं माझ्या दोन तळहातांत उघडं पडत होतं. मी बघत राहिले.

आणि मग ती काळी रेघ दिसली.

केसाएवढी. बाकाच्या पोटात. मी तिथं थांबले. माझा स्वभावच तो... डाग दिसला की माझं बाकी जग संपतं. मी रेघेवर दाबलं. रेघ रुंद झाली. आणखी दाबलं. करपल्याचा वास आला.

गुरुजींनी हात लांब करून बटण बंद केलं.

रूळ फिरत फिरत थांबला.

“डाग गेला?”

“नाही,” मी म्हणाले. “खळगा पडला.”

“हं.”

“आता काय करू?”

“पुढं जा.”

त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. मी पुढं गेले. खळगा मागं राहिला. मान वळवून त्याच्याकडं बघायचं नाही एवढं ठरवलं आणि दोनदा बघितलं.

दोन्ही बाक झाले तेव्हा गुरुजींनी खुंटीवरचा जुन्या ओढणीचा तुकडा घेतला आणि बाकातून ओढला. कुठं कुसळ असतं तर कापड अडकलं असतं. अडकलं नाही.

“बास,” ते म्हणाले.

बास. माझ्या आयुष्यात हा शब्द मला कधी पटलेला नाही.

“याहून बारीक नंबरचा पेपर मारू का, गुरुजी?”

त्यांनी तुकडा परत खुंटीला अडकवला. मी त्याला होकार समजले. बारीक नळी चढवली. त्यानंतर त्याहून बारीक पेपर हातानं मारला. मग घरून आणलेलं मेण काढलं आणि फडक्यानं चोळत बसले. मूठ चमकायला लागली. मी ती गालावर फिरवली. जुईचा गालही इतका मऊ नसेल.

“आता तिला कुठंच काही टोचणार नाही,” मी म्हणाले.

गुरुजी बघत होते. मुठीकडं नाही... माझ्याकडं.

“चल,” ते उठत म्हणाले. “गाड्याला लावू.”

ओसरीवर शहाबादी फरशी होती. तीन चाकांचा गाडा मी येताना आणलाच होता. गुरुजींनी मूठ बसवून बोल्ट आवळले. जुई सरकत सरकत आली. चाचींनी दिलेलं बिस्किट संपलं होतं, हात लाळेनं ओले होते. तिनं दोन्ही तळवे मुठीवर ठेवले.

ढुंगण फरशीवरून उचललं गेलं. गुडघे ताठ व्हायला लागले...

हात सटकले. ती खाली बसली.

पुन्हा धरलं. पुन्हा सटकले.

तिसऱ्यांदा हनुवटी मुठीवर आपटली आणि ती रडायला लागली. मी तिला उचलून छातीशी धरलं. आणि महिनाभर जे मी नवऱ्यालाही म्हटलं नव्हतं, ते ओसरीवर उभी राहून बोलून बसले.

“तिच्या पायांत काहीतरी आहे, गुरुजी. डॉक्टर सांगत नाहीत. तिला जमणारच नाही कधी.”

चाचींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग चहा टाकते म्हणून आत गेल्या.

गुरुजी वळले. शेडमध्ये गेले. परत आले तेव्हा हातात जाड पॉलिश पेपरचा तुकडा होता, अगदी सुरुवातीला वापरतात तो, खरबरीत.

गाड्यासमोर मांडी घालून बसले. पेपर बोटांना गुंडाळला. आणि त्या चकचकीत बाकावर, सागाच्या रेषांना आडवा, तो ओढला.

खर्र...

“गुरुजी...”

खर्र... खर्र...

माझा हात पुढं गेला. तिथंच राहिला. मेण गेलं. चमक गेली. मी गालाला लावलेला तो मऊपणा त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकला, आधी एका बाकातला, मग दुसऱ्यातला. घाई नाही, राग नाही. मग ओढणीचा तुकडा ओढून पाहिला. अडकला नाही. गाडा फडक्यानं स्वच्छ पुसला आणि ते मागं सरकून बसले.

“ठेव तिला खाली.”

मला ती खाली ठेववेना.

गुरुजींनी गाडा जरा जवळ ओढला.

मी ठेवली.

जुईनं मुठीकडं पाहिलं. हनुवटी अजून थरथरत होती. एक तळवा बाकात ठेवला. मग दुसरा. बोटं मिटली... आणि मिटलेलीच राहिली.

ती उठली.

गुडघे ताठ झाले. डुगडुगले. पुन्हा ताठ झाले. माझी मुलगी उभी होती. एवढी उंच मी तिला कधी पाहिली नव्हती. तिचं डोकं गाड्याच्या वर आलं होतं आणि तिथून तिला ओसरी दिसत होती, अंगणातली पेरूची फांदी दिसत होती. ती सगळीकडं बघत होती, मीही बघत होते, जणू हे सगळं आत्ताच कुणीतरी तिथं आणून मांडलं होतं.

पुढचं चाक कुरकुरलं. गाडा बोटभर सरकला.

मागोमाग एक पाय गेला.

मी तोंडावर हात ठेवला. दुसरा पाय गेला. पायांत काही नव्हतं. पायांत फक्त पाय होते. चाक कुरकुरत होतं आणि त्या आवाजामागं ती चालत होती, पोट पुढं काढून, तोंड उघडं ठेवून, बिस्किटवाल्या चाची ज्या दारातून आत गेल्या त्या दाराकडं.

मी वाकून तिच्या मागं निघाले. दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंना, न लावता. दार जवळ आलं. आणि मला दिसलं ते, जे मला नेहमी सगळ्यांच्या आधी दिसतं.

“गुरुजी, पुढं उंबरा आहे.”

गुरुजी बोटांवरचा भुसा झटकत होते.

“आहे की,” ते म्हणाले. “तोही मी गुळगुळीत केलेला नाही.”